सुरी की किरणं

थोरल्या,

सगळ्यांत आधी टपकली तुझी आत्या, मागोमाग काका आणि धाकटा. माझ्या अन्ननलिकेच्या कॅन्सरचं काय करायचं ते ठरवायला बसले, आणि चहाबिस्किटं मीच पुढे केली. मला पाण्याचा घोटसुद्धा दुखत उतरतो, यांची तोंडं आपली चालूच!

आत्या म्हणाली, "कापून टाका, एकदाची ब्याद जाईल." काका म्हणाले, "या वयात सुरी? त्यापेक्षा किरणं आणि सलाईनमधलं औषध बरं." धाकट्याने तुला फोन लावला. तू म्हणालास, "ऑपरेशनच करा." आईला फोन दे, एवढंही म्हणाला नाहीस.

डॉक्टरीणबाईंनी मात्र मलाच विचारलं होतं. "आजी, तुमच्या बाबतीत दोन्हींत फार डावंउजवं नाही. ऑपरेशन मोठं आहे. किरणांनी घसा सोलवटेल, आणि गाठ परत आली तर कापावंच लागेल. तुम्हाला काय हवं?"

अरे, जन्मात मला कोणी असं विचारलं नव्हतं! इतकी हरखले म्हणून सांगू. किरणंच द्या, म्हटलं. कापलं तर तुम्हा मंडळींपैकी कोणाच्या तरी दारात पडून राहावं लागेल. किरणं घेऊन मी आपल्या पायांनी घरी येईन.

सोमवारी सुरू होतंय. कोणाला बोलले नाही, आणि हे पत्रही टपालपेटीत टाकणार नाही. मंडळी पक्कं ठरवून त्यानंतरच्या गुरुवारी परत येणार आहेत.

तुझी, अजून तोंड असलेली,
आई