बिराआबांची रिकामी खोली

बारामती, मंगळवार, १० डिसेंबर १९९६

डोकं अजून तापलेलंच आहे. संस्थेचे सेक्रेटरी आज मी सांभाळते त्या बेघरांच्या निवाऱ्यात येऊन म्हणाले, "बिराआबा खोलीत राहतच नाहीत. शुक्रवारच्या बैठकीत ती दुसऱ्याला देऊन टाकू."

राहत नाहीत म्हणे! कुलूप आबांचं आहे, किल्ली त्यांच्या करदोट्याला आहे. फक्त झोपतात उंबऱ्याबाहेर, घोंगडी पांघरून. एवढ्या थंडीत का, हे मलाही कळत नव्हतं. संध्याकाळी सरळ विचारलं, "आबा, खोलीत काय वाईट आहे?"

"वाईट कशापायी, पोरी? निरवांगीला व्हतो तवा मेंढरं जाळीच्या कुंपणात घालायची अन् आपण तोंडाशी आडवं व्हायचं. धनी कधी आत झोपतो व्हय?"

"पण आता मेंढरं कुठं आहेत?"

"न्हाईत. पर खोली हाय की! यष्टी स्टँडवर राखायला कायबी नव्हतं, तर रातभर डोळा लागायचा न्हाय. आता लागतो."

आणि आम्ही या माणसाला आत झोपायला शिकवत होतो?

शुक्रवारी बैठकीत हेच सांगायचं, याच शब्दांत. नाही पटलं तर? न पटू दे. किल्ली आबांच्या करदोट्यालाच राहील.

बाहेर आबा घोरायला लागलेत. ज्याला ती खोली रिकामी वाटते, त्याला आत जाताना आधी आबांना ओलांडावं लागेल. आणि त्याच्याही आधी मला.