दोनदा आलेलं नाव

बाई, परवा तुमचं भिंग घेऊन मी इथल्या लायब्ररीत एका मुलीशी भांडले आणि जिंकले. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, मी साठी ओलांडली, तरी हे लिहिताना ताठ बसलेय. पोक काढलेलं तुम्हाला चालत नसे.

अमेरिकेत, एडिसनला राहते मी. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी होती, माझ्या स्वभावाला धरूनच. ती संपल्यावर आता आठवड्यातून दोनदा लायब्ररीत जुन्या मतदार याद्या वाचायला जाते. हा देश नवा नवा होता तेव्हा या न्यू जर्सीत विधिमंडळाच्या निवडणुकीत बायका मत देत असत. सगळ्या नाही हं. कायद्यात नुसतं 'रहिवासी' म्हटलेलं, फक्त नावावर ठरावीक मालमत्ता हवी. लग्न झालेलीचं सगळंच नवऱ्याचं, म्हणजे मत द्यायच्या त्या विधवा आणि बिनलग्नाच्या. पुढे विधिमंडळानेच तो हक्क काढून घेतला. कारण काय दिलं, तर मतदानात लबाडी होते, बायका दोनदोनदा मत देतात. झालं, मग शंभरावर वर्षं बसा घरी. त्याच निवडणुकांचं प्रदर्शन आमच्या लायब्ररीत लागणार आहे आणि ते मांडणारी मुलगी इथेच जन्मलेली, आईवडील नागपूरचे. हुशार आहे, पण घाई फार.

परवा ती एक यादी घेऊन आली. त्या काळी मतदान दोनदोन दिवस चालायचं. "काकू, सी, सेम नेम. पहिल्या दिवशी व्होट केलं, दुसऱ्या दिवशी परत आली. मी हेच बोर्डवर टाकतेय, गुरुवारी प्रिंटला जाईल." मी यादी पाहिली. एका बाईचं नाव, खरंच दोनदा. आणि मला तुमचं मतदान केंद्र आठवलं.

मला कोकणातल्या आपल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागून वर्षही झालेलं नाही. तुम्ही आमच्या मुख्याध्यापिका आणि त्या दिवशी केंद्राध्यक्ष, मी बोटाला शाई लावणारी. आदल्या दिवशी तुम्ही आम्हाला यादी वाचायला शिकवता. "नाव एकटं वाचायचं नाही, शेजार वाचायचा. कोणाच्या आधी, कोणाच्या मागे, कुठल्या घरात." आणि सकाळी मी कुणाला तरी चिठ्ठीवरचा नंबर सांगायला जाते, तर सगळ्यांदेखत म्हणता, "तुझं काम शाई लावायचं. तेवढंच कर." मला ते फार लागलं होतं, बाई. दुपारी काजूच्या कारखान्यातली एक बाई आली. यादीत तिच्या नावावर आधीच रेघ मारलेली, म्हणजे सकाळीच त्या नावाची बाई मत देऊन गेलेली. बोटावर शाई आहे का बघायला तुम्ही मला सांगितलंत, पण काजू सोलून सोलून तिची दहाही बोटं काळी. मी म्हटलं, "कळत नाही." बाहेर रांग ओरडत होती, तुम्ही सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नव्हतात. तिला म्हणालात, "तुझं झालंय, जा." ती म्हणाली, "मी आताच इलंय, बाई. मगे माझा मत खंय गेला?" तुम्ही पुढच्या मतदाराला आत बोलावलंत. ती निघून गेली.

तर इथे मी त्या मुलीला म्हटलं, "बोर्ड थांबव." ती वैतागली. "काकू, इट्स राइट देअर." मी म्हटलं, "नाव वाचलंस, शेजार कुठे वाचलास?" भिंग काढलं. मी अमेरिकेला निघाले तेव्हा तुम्ही दिलेलं, पितळी कडेचं. मतदानाला लोक यायचे तशी कारकून नावं लिहायचा, आणि यायचे ते आपापल्या आळीबरोबर. पहिल्या दिवशी त्या नावाच्या मागेपुढे सगळी गिरणीकडची माणसं. दुसऱ्या दिवशीच्या नावाशेजारी नदीकाठची. मग करांची यादी काढायला लावली. दीड तास गेला, मुलीने तीनदा घड्याळ पाहिलं, मी लक्षच दिलं नाही. एकाच नावाच्या दोघी विधवा निघाल्या. एकीचं घर गिरणीजवळ, दुसरीचं नदीवर, दोघींच्या गाईसुद्धा वेगळ्या नोंदलेल्या. मुलगी म्हणाली, "ओह गॉड, मी तिला चीटर म्हणणार होते." बोर्ड बदलला. दोनशे वर्षांनी का होईना, त्या दोघींचं मत एकेकीच्या नावावर लागलं. माझ्यामुळे लागलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

हे एवढंच लिहून थांबणार होते. पण तुम्ही आजारी होतात तेव्हा मी भेटायला आले होते, आठवतं? माझा हात धरून विचारलंत, "ती काजूवाली खोटं बोलत नव्हती ना गो? त्या नावाच्या दोघी असतील का?" मी म्हटलं, "छे हो बाई, एकच होती." तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते एक बरं आहे. बाई, त्या दोघी होत्या. सकाळच्या बाईच्या मनगटावर तुळशीचं गोंदण होतं, दुपारचीचं मनगट कोरं होतं. दोन्ही हात मीच धरले होते. तुम्ही सकाळी बोललात त्याचा राग मनात होता, म्हणून मी तेवढंच काम केलं.