राजासमोर न सांगितलेलं नाव

चांदा, ता. ११ जानेवारी १९५५

तीर्थरूप बाबास मंगरूचा जोहार.

माय पाण्याले गेली की हे पत्र आपल्या सखूकडून वाचून घेजा, शाळेच्या गुरुजीकडून नाई.

मी बरा आहे. ट्रेनिंग स्कूलची सहल काल वर्ध्याहून इथं पोचली. धर्मशाळेत पोटभर भात भेटते. मायचा खोकला कमी झाला काय? बैलाच्या खांद्याची जखम भरली काय?

सकाळी गोंड राजाचा कोट पाहिला. तुम्ही सांगत होते त्याहून मोठा आहे. मग राजाच्या समाधीवर गेलो. आमच्यातला एक म्हणाला, "जंगलातले लोक असं बांधत होते?" सगळे हसले. मीही हसलो.

तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं गोंडीत विचारलं, "आपल्यातला कोणी आहे काय?" त्याचं बोलणं एकट्या मलेच समजलं.

बाबा, मी वहीत पाहत राह्यलो.

तुम्ही म्हणाले होते, मोहाची फुलं ठेवजो, आपलं अन् कुळाचं नाव सांगजो, राजा ओळखते. सगळे पुढं गेल्यावर मी मागं थांबलो. मायनं बांधून दिलेली सुकी फुलं हातात घेतली. पण घडीभरापूर्वी राजाच्याच समोर मी गप्प राह्यलो होतो. तोंड उघडलंच नाई.

फुलं खिशात तशीच आहेत. सखूले सांगजा, कुठं बोलू नको.

मायनं विचारलं तर म्हणजा, राजानं ओळखलं.

तुमच्या पाया पडतो.

मंगरू गोमाजी मडावी