चौथी संमती

५ फेब्रुवारी

चिमीनं लग्न ठरवलंय! मुलगा वायरमन. दोनदा घरी येऊन गेलाय, हसतमुख आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नंतर जे बोलली ते ऐकून मी हातातलं काम तसंच टाकलं. "आई, आमच्या धर्मात मुलामुलीनं एकमेकांना पसंत करायचं, मग दोघांच्याही आईबापांची संमती घ्यायची. चौघांची. त्याच्या घरचे दोघं हो म्हणालेत. आता मी बाबांना भेटायला जातेय."

बाबा! बावीस वर्षांत हा शब्द या घरात कुणी काढला नव्हता.

६ फेब्रुवारी

दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालक म्हणाले, "बाई, लक्ष कुठंय?" कुठं असणार!

दोन वर्षांपूर्वी पोरगी बहाई झाली तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. ती नोकरी करते त्या हॉस्पिटलातल्या एक नर्सबाई बहाई आहेत, त्यांच्याकडून तिला कळलं. मीही बसून सगळं ऐकलं की! देव एकच. सगळे धर्म त्याच एकाचे — काळ बदलतो तसा तो नवा शिक्षक धाडतो, आणि आत्ताच्या काळासाठी बहाउल्ला. माणसं सगळी एक. बाई-पुरुष बरोबरीचे. पुजारी, मुल्ला, पाद्री कुणीच नाही, ज्याची प्रार्थना त्यानं करायची. दारू नाही. कुणाच्या मागे वाईट बोलणं तर फारच वाईट! आणि खरं काय ते दुसऱ्याच्या सांगण्यावर न जाता स्वतः शोधायचं. मला पटलं होतं. दर एकोणीस दिवसांनी त्यांची बैठक असते, एकदा आमच्याच घरी होती तेव्हा खुर्च्या मी मांडल्या, चहा मी केला. पोरगी चांगल्या माणसांत पडली म्हणून निर्धास्त झाले होते.

आणि त्याच माणसांनी पाठीत सुरा खुपसला. टाकून गेलेल्या माणसापुढे माझ्या लेकीनं पदर पसरायचा!

१४ फेब्रुवारी

सकाळच्या बसने गेली. पत्ता कुठून मिळवला विचारलं तर म्हणे, "शोधला." मी डबा भरून दिला. सवय मेली! मग स्वतःचाच राग आला.

१५ फेब्रुवारी

आली. त्यानं संमती दिली. लगेच! कांजिण्या आल्या तेव्हा उशाशी मी. शाळेच्या फाटकाशी मी. आणि हा आयता बाप म्हणून मिरवणार.

"माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"एकही वाईट शब्द नाही, आई."

"बोलायला तोंड आहे कुठं त्याला!" म्हटलं.

तिनं पिशवीतून रिकामा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी भांडी आदळली.

२ मार्च

तिचे उपवास सुरू झाले. एकोणीस दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर चहा पिते. लिहायला लाज वाटते, पण पिते.

माझी संमती अजून मागितलेली नाही. मागू दे! मी देणारच नाही. तिघांच्या होकारावर लग्न कसं होतं तेच बघते.

९ मार्च

नर्सबाई बाजारात भेटल्या. सोडलं नाही त्यांना. "टाकून गेलेल्या बापाच्या दारात पोरीला उभं केलंत, हाच का तुमचा धर्म?"

त्या गडबडल्या. "अहो ताई, असा बाप असेल तर सूट मिळू शकते. आमच्यात निवडून दिलेल्या नऊ जणांचं मंडळ असतं. त्यांनी तिला सांगितलं होतं, आपण वर विचारून बघू. तिनंच नको म्हटलं. तुम्हाला बोलली नाही का?"

म्हणजे जायची सक्ती नव्हतीच! परक्यांनी दगा दिला तर माणूस चार शिव्या देऊन मोकळं होतं. पोटच्या पोरीचं काय करायचं? भाजी न घेताच घरी आले.

१० मार्च

इस्त्री करत होती. समोर जाऊन उभी राहिले. "का गेलीस?"

"संमतीसाठीच गेले. आणि मला स्वतः बघायचं होतं, आई. नुसत्या ऐकलेल्यावर किती वर्षं राहायचं?"

"ऐकलेलं म्हणजे माझंच ना?"

तिनं इस्त्री उभी ठेवली. "मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू मनापासून हो म्हणालीस तरच लग्न करेन. नाहीतर थांबेन."

रागावलेली नाही म्हणे! मी तरातरा बाहेर निघून आले. चपला घालायच्या राहिल्या.

१२ मार्च

या वहीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. तो टाकून गेला नव्हता. तो कामावर गेलेला असताना तीन वर्षांच्या चिमीला उचलून मी निघून आले, मागे पत्ताही ठेवला नाही. मारत नव्हता, पीत नव्हता. मला तिथं राहायचं नव्हतं, एवढंच.

पोरीला हे महिनाभर माहीत आहे. आणि तरी माझ्या होकारासाठी थांबली आहे.