आधी बर्फ, मग बोलणं

काकू, हे लिहायचं मी लई दिवस टाळलं. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. चहा आणायला पाठवलं की नवी पेठेत चादरींची दुकानं बघत फिरायचो, आणि किटली गार करून परत यायचो. शाळाही तशीच सुटली, अर्धी गुडघ्यामुळं, अर्धी पायाला भिंगरी म्हणून. ज्या पोराचं रक्त लवकर गोठत नाही त्याच्याच पायाला देवानं भिंगरी का बांधली, ते त्याचं त्यालाच माहीत.

आईनं मला पहिल्यांदा पाठीवर घालून भवानी पेठेतल्या तुमच्या स्वयंपाकघरात आणलं, तेव्हा गुडघा नारळाएवढा झाला होता. आई दारातच रडत रडत सगळं सांगायला लागली. तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "आधी बर्फ, मग बोलणं." पिठाच्या हातानंच फडक्यात बर्फ बांधलात आणि फ्रिज उघडलात. तुमचं घर लिंगायत, अंड्याला कुणी शिवत नाही, म्हणून दारातला अंड्यांचा कप्पा रिकामा. त्यात फॅक्टरच्या, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या. "ही असल्या पोरांसाठी काढलेल्या आमच्या मंडळाची अंडी," तुम्ही म्हणालात. "एक फुटलं की एक पोरगं अडतंय." वर तुमच्या मुलाचा फोटो. त्याच्या वेळी हे औषध हितं मिळत नव्हतं, एवढंच तुम्ही एकदा बोललात, नंतर कधीच नाही.

एकदा घाईत मी बाटली खळाखळा हलवली तर केवढ्यानं ओरडलात! "फेस होतोय, मुडद्या! तळव्यात धर, हळू फिरव. बाळाच्या डोक्यावरनं हात फिरवतोस तसं." आणि मी पहिल्यांदा गाव सोडून निघालो तेव्हा आई रडत होती, तुम्ही मात्र रुंद तोंडाचा थर्मास बर्फ आणि बाटल्या भरून आणून दिलात. "जा की. पण हे घेऊन जा." हुबळीच्या हॉटेलात, गोव्यात मांडवाच्या कामावर, सगळीकडं तो माझ्या उशाशी असायचा. आता झाकण नीट बसत नाही. असो, भलतीकडंच निघालो.

मंडळाच्या बैठकीत तुम्ही आयांना बजावायचात, "पोरीचं रक्त पण तपासा. तिला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या पोटच्या पोराला होतंय." कुणी लग्नाचं कारण काढलं की खवळायचात. मग तुमच्याच मुलीचं, माझ्या अक्काचं, लग्न ठरलं. मी त्या दुपारी घोट्यावर बर्फ ठेवून तुमच्या चटईवर पडलो होतो. काका आत येऊन म्हणाले, "पोरीचं रक्त तपासायचं न्हवं?"

"आन् निघालं तर? अक्कलकोटची माणसं लगीच मोडतील."

"तूच सांगतीस की सगळ्यांना."

"सुम्म कूर!" तुम्ही कन्नडमध्ये त्यांना गप बसवलंत. मग तुमची नजर माझ्याकडं वळली. माझे डोळे उघडे होते. "तू झोपलायस की," तुम्ही म्हणालात. मी डोळे मिटले.

लग्नानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. काकांनी फ्रिज वरच्या फोटोसकट मंडळाला देऊन टाकला. तो आता याच पेठेतल्या एका खोलीत आहे आणि सध्या बसायला दुसरं कुणी नाही म्हणून किल्ली माझ्याकडं, या भटक्याकडं. अक्काला इतक्या वर्षांनी मुलगा झालाय. मागच्या आठवड्यात काका पेढे घेऊन आले. "नातवाचं जावळ हाय सोमवारी. ये." बोलत होते माझ्याशी, बघत होते फ्रिजकडं. मी म्हणालो, "काका, डोक्यावर वस्तरा..." ते म्हणाले, "तू ये," आणि गेले.

तेव्हापासून अक्कलकोटला जायला दोनदा निघालो. एकदा गाडी चुकली, एकदा मीच चुकवली. फोन हातात घेऊन ठेवून दिला. आज रविवार. काय शब्दांत सांगू तिला, काकू? तुमचा राग येतो मला. मग त्या कप्प्याकडं बघतो आणि राग टिकत नाही, त्याचाही राग येतो.

थांबा. दारात कुणीतरी आलंय.

अक्का आली आहे. एकटीच, बाळ कडेवर. त्याच्या काखेत निळे डाग आहेत, धरून उचलतो ना, बरोबर तिथं. "सासू म्हणती, मीच चिमटे काढते," ती म्हणाली. "उद्या वस्तरा लावणार होते. मी उचलून आणलं." बाळाचा एक गुडघा फुगलाय, हाताला गरम लागतो. तिनं फ्रिजकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. "तू तर सारखा आमच्याच घरात असायचास. आईला ठावं होतं का रे?"

मी फडक्यात बर्फ बांधला. म्हणालो, "आधी बर्फ, अक्का. मग बोलणं."

ती पडद्यामागं बाळाला पाजतेय. मोठ्या दवाखान्यात जायला रिक्षा बोलावलीय, ती येईपर्यंत एवढंच लिहितो. हा कागद तिच्या नजरेला पडायच्या आत फाडायला हवा. वाटेत ती पुन्हा विचारणार. आठवडाभर शब्द सापडत नव्हते, आता सापडलेत. मी सांगणार आहे, मी झोपलो होतो.