तीन यंत्रांचा एक माऊस

मंगळवार, ३ मार्च

माऊसच बिघडलाय. लिहूनच ठेवते, म्हणजे खरं होईल.

सकाळपासून शाळेच्या जिन्याचं ड्रॉइंग काढत होते. एक रेघ पकडायला जावं, तर बाण दोन रेघा पलीकडे. तीनदा झालं! साहेब मागे उभे होते. म्हणाले, "माऊस म्हातारा झाला तुमचा. नवा आणा की." मी हसले. हसताना हात टेबलाखाली घेतला.

बाबांचं दुखणं हातापासूनच सुरू झालं होतं. पेपर वाचताना कागद वाजायचा, आम्ही पोरी हसायचो. तेव्हा ते अठ्ठेचाळीसचे. मी आता सत्तेचाळीसची.

पुढे लिहीत नाही.

बुधवार, ४ मार्च

दुकानात गेले. म्हटलं, ऑफिसचा कॉम्प्युटर, माझा लॅपटॉप आणि साइटवर न्यायचा टॅबलेट, तिन्हींना चालेल असा एकच बिनवायरचा माऊस हवा. दुकानदार खुलला. "हा घ्या. पाठीवरचं बटण दाबलं की एकावरून दुसऱ्यावर. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, हा तीन घरी जेवतो!"

आवडला मला तो. क्लिकचा आवाज नाही, हातात बसतो. मग दुकानदार म्हणाला, "चालवून बघा." तिथेच फसले. त्याच्या स्क्रीनवर बाण थरथरायला लागला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग भलतीकडेच.

"आज जेवण राहिलंय," म्हटलं. त्याने विचारलंही नव्हतं!

शुक्रवार, ६ मार्च

नव्या माऊसनेही तेच.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर स्क्रीनवर माऊसने एक सरळ रेघ ओढून पाहिली. करवतीचे दात! लगेच पुसली. मग बाणाचा वेग अगदी कमी केला. आता हात थरथरला तरी बाण फारसा हलत नाही. काम हळू होतं, पण कुणाला कळायचं नाही.



रविवार, ८ मार्च

ताईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, "बाबांचा आधी कुठला हात गं?"

"उजवा. आधी चालताना हलेनासा झाला, मग कापायला लागला. का?"

"सहज."

"तुझं काही नाही ना?"

"छे!"

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "झोप कमी पडत असेल." हे म्हणजे शांतीसागर. घराला आग लागली तरी आधी चपला शोधतील. बरं वाटलं, आणि रागही आला.

मंगळवार, १० मार्च

हात आज बरा. उगीच घाबरते मी. शाळेच्या जिन्याचं ड्रॉइंग पाठवलं एकदाचं.

गुरुवार, १२ मार्च

देवा.

दुपारी जिन्याचं ड्रॉइंग सहज उघडलं. सळ्यांच्या तक्त्यात सोळा मिलिमीटरच्या जागी बारा. मी बारा लिहिलंच नव्हतं! मग आठवलं. मंगळवारी शेजारी लॅपटॉप उघडा होता, त्यावर एक पत्र वाचत होते. माऊसचं चाक फिरवतेय तर पत्र वर सरकेना. माऊस लॅपटॉपवर घेतला होता, पण पाठीवरचं बटण नकळत पुन्हा दाबलं गेलं होतं. ह्याच हाताने. चाक फिरत होतं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, तक्त्यातल्या आकड्यावर, आणि तो सोळावरून बारावर उतरला. मी बटण परत दाबलं, पत्र वाचलं, आणि संध्याकाळी न बघता ड्रॉइंग पाठवून दिलं.

बारीक सळ्या. शाळेचा जिना. मधल्या सुट्टीत पोरं धडधडत उतरणार त्यावरून.

पहिला विचार कुठला आला? गुपचूप दुसरं ड्रॉइंग पाठवावं! लाज वाटते लिहायला, पण आला.

उठले. "साहेब, जिन्याचं काम थांबवा. ड्रॉइंग चुकलंय."

त्यांनी मुकादमाला फोन लावला. सळ्या बांधून झाल्या होत्या. काँक्रीट उद्या सकाळी पडणार होतं. उद्या! साहेब दोनच वाक्यं बोलले: "थांबव. सगळं सोड." फोन ठेवला. "कसं झालं हे?"

"माऊस..." म्हणाले मी. मग म्हटलं, "नाही. माझा हात." आणि हात त्यांच्या टेबलावर ठेवला, कागदासमोर पेन धरून. पेनाचं टोक कागदावर टकटक वाजत होतं.

मला वाटलं, आता जातेय नोकरी.

"आणखी किती ड्रॉइंग्ज गेलीत?"

"नऊ. तपासते सगळी."

"दोघं तपासू," म्हणाले. "आणि डॉक्टरकडे जा. सांगतोय, विचारत नाही."

शुक्रवार, १३ मार्च

नऊच्या नऊ बरोबर. साहेबांनी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला.

शनिवार, १४ मार्च

दुकानात माऊस परत घेऊन गेले. ह्या वेळी खरं सांगितलं, हात कापतो. दुकानदार म्हणाला, "आधी का नाही बोललात, ताई? मी वेगळाच दिला असता!" त्याने गोळ्याचा माऊस काढला. हा जागचा हलत नाही, वरचा गोळा तेवढा अंगठ्याने फिरवायचा. तीन यंत्रांना हाही चालतो, पण बदलायचं बटण पोटाखाली. उचलून उलटा केल्याशिवाय दाबलंच जात नाही.

चालवून बघितला. रेघ बरीच सरळ आली.

मंगळवारी डॉक्टर. हे म्हणाले, "मी येतो." म्हटलं, रजा कशाला वाया घालवता? "येतो म्हटलं ना."

सोमवार, १६ मार्च

उद्या अकरा वाजता.

मंगळवार, १७ मार्च

डॉक्टरांनी नाकाला बोट लावायला सांगितलं. कागदावर चक्र काढायला लावलं. ह्या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतायला लावलं. मग म्हणाले, "वडिलांना होता तो कंपवात हा नव्हे. तुमची थायरॉईड जास्त धावत असावी. रक्त तपासू. तसंच निघालं तर गोळ्यांनी थांबेल."

मला रडूच फुटलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टर ह्यांच्याकडे बघत होते. "आता तुम्ही जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

"मी?" हे हसले. "मी नुसता सोबत आलोय."

"दाखवा तर खरं."

हे उठले. दारापर्यंत गेले, परत आले. उजवा हात पुढे-मागे होत होता. डावा नुसता अंगाला लटकलेला.

रस्त्याने चालताना त्या बाजूला मी असते, तरी मला कधी दिसलं नाही.