अकरा भाषांत वारलेली बाई

मी, शारदा रघुनाथ कानेगावकर, वय एकसष्ट वर्षे, अविवाहित, पूर्वी आरोग्यसेविका व आता निवृत्त, राहणार तुळजापूर, जिल्हा धाराशिव, आज रोजी जिवंत असून हे मृत्युपत्र करून ठेवते. इतरांच्या मृत्युपत्रात ‘जिवंत असून’ असे लिहावे लागत नाही. उमाशंकर वकिलांनी ते शब्द दोनदा खोडले आणि मी दोनदा पुन्हा घातले. माझ्या बाबतीत तो वादाचा मुद्दा आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. भागवत शिनगारे यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. येत्या गुरुवारी सोलापुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही. चौतीस वर्षे मीही पेशंटांना हेच सांगत आले, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

कलम १. माझ्या पहिल्या मरणाबाबत.

हे मृत्युपत्र वाचणाऱ्याला आधी हे माहीत असले पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. दोन हजार एकवीस साली, मे महिन्यात, मी तामलवाडीला लसीकरणाच्या ड्यूटीवर होते. सकाळी सहापासून उभी. दुपारी चारला गर्दी ओसरली आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. मान खाली, तोंड उघडे, हात लोंबकळलेले. तेवढ्यात माझे थोरले बंधू विष्णुपंत माझा डबा घेऊन आले. त्यांनी मला उठवले नाही, एवढी माया त्यांच्यात आहे. पण फोटो काढला, एवढी अक्कल नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांनी तो टाकला: ‘आमची शारदा. दमली बिचारी.’

तो फोटो कोणाच्या मोबाईलवरून कोणाच्या मोबाईलवर गेला, ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी आरोग्याच्या नावाने चालणाऱ्या एका पानावर तो आला. वर तांबड्या अक्षरांत लिहिले होते, ‘लस देता देता नर्स खुर्चीतच गेली! सरकार लपवत आहे! डिलीट होण्याआधी पुढे पाठवा!’ पुढे सायबर पोलिसांतल्या एका साहेबांनी सांगितले की ते पान परदेशातून चालते, आणि चालवणाऱ्यांनी तामलवाडी नकाशातसुद्धा पाहिलेली नसावी. देशाचे नाव वकिलांनी घालू दिले नाही. साहेबांनी मोजले तेव्हा मी अकरा भाषांत वारले होते. एका भाषेत मी बत्तीस वर्षांची असून मला जुळी मुले आहेत. रडणाऱ्या नवऱ्याचाही फोटो आहे. माझे लग्न जमवायला आमच्या वडिलांनी अर्धा मराठवाडा पालथा घातला, ते काम या अनोळखी माणसाने एका दुपारी केले. नवरा दिसायला बरा होता.

माझा मोबाईल त्याच दिवशी पाण्याच्या बादलीत पडला होता आणि मी पुढच्या तीन गावांच्या कॅम्पवर होते. विष्णुपंत फोन लावत राहिले. तो बंद. त्या काळात पेशंटचा देह घरी देत नसत, त्यामुळे देह न येणे हाही पुरावाच ठरला. चौथ्या दिवशी मी घरी आले, तर माझ्या फोटोला हार आणि पुढे दिवा. दिव्यातले तेल संपत आले होते. सवयीने मीच घातले.

“दादा, मी आले,” मी म्हटले.

“कोण?”

“अहो, कोण काय? शारदा!”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग हार घातलेल्या फोटोकडे. डोळे सुजून लाल झाले होते. “शारदा गेली,” ते म्हणाले. “सगळ्या मोबाईलवर आलंय.”

कलम २. बंधूंच्या म्हणण्याबाबत.

विष्णुपंतांचे म्हणणे आजतागायत असे आहे की खरी शारदा लसीने वारली, आणि बोभाटा होऊ नये म्हणून तिच्या जागी हुबेहूब दिसणारी बाई आणून ठेवली. ती बाई म्हणजे मी. मी कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवला. “डाग बेस काढलाय,” ते म्हणाले. आईच्या हातची शेवटची भाजी कुठली होती ते सांगितले. “बघा, किती बारीक माहिती काढलीय! लई वरपर्यंत हात दिसतोय तुमचा.” म्हणजे पुरावा नाही दिला तर मी खोटी, आणि दिला तर फारच तयारीची खोटी. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी मी हयातीचा दाखला देते, तो त्यांच्यापुढे धरला. ते स्वतः तीस वर्षे एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. “दाखल्याचं काय सांगताय मला,” ते म्हणाले, “मीच दिलेत की.”

मी एकदाच चिडले. “दादा, फोटो तुम्हीच काढला होता ना? मी झोपले होते का मेले होते, तुमच्या डोळ्यांनी बघितलं न्हाय का?” तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “तीन दिवस मी रडलो ते काय खोटं व्हतं व्हय?”

मला त्या दिवशी कळले की त्यांना माझे मरण हवे होते असे नाही. आपण काढलेल्या फोटोने हे सारे झाले, हे त्यांना सोसत नव्हते. मी बदललेली बाई असेन तर त्यांचा दोष उरत नाही. मला त्यांचा राग येतो आणि दयाही येते, बहुतेक वेळा एकाच वेळी.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. त्यांच्या हिशेबाने वडिलांच्या घरातला माझा अर्धा वाटा चार वर्षांपूर्वीच त्यांचा झाला. तरी या परक्या बाईला त्यांनी कधी ‘घर रिकामे करा’ म्हटले नाही. उलट पहिल्याच सकाळी सात वाजता सदऱ्याची बाही वर करून दारात उभे राहिले. “बाई, तुम्हाला सुई देता येती का?”

कलम ३. सुईबाबत. हे कलम सर्वांत महत्त्वाचे समजावे.

विष्णुपंतांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज सकाळी सातला इन्सुलिन लागते. ते मीच देत आले, मरणाआधीही आणि नंतरही. पूर्वी मी कॅम्पवर असले की दवाखान्यातली नर्स देई, पण माझ्या त्या मरणानंतर दुसऱ्या कोणाच्या हातून ते घेत नाहीत. त्यांचा मुलगा गुरुप्रसाद पुण्याहून येतो तेव्हा त्याने प्रयत्न केला, तर ते गच्चीवर जाऊन बसले. मी देते तेव्हा डोळे मिटून घेतात आणि म्हणतात, “हात मात्र आमच्या शारदेसारखा हलका हाय तुमचा.” मी म्हणते, “असेल.” मग ते चहा घेतात.

गेल्या वर्षी त्याच परदेशी पानाने इन्सुलिनचा विषय काढला. इन्सुलिन हा कट आहे, ते फेकून द्या आणि कडू कारल्याचा रस प्या. विष्णुपंत दोन दिवस सुईला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना चक्कर आली आणि ते न्हाणीघरात पडले. यावर मी जे केले त्याची कबुली इथे देते. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटी नोंद केली नाही, पण त्या दिवशी मी मोबाईलवर असे लिहून, नाव न घालता, पुढे सोडले: ‘सावधान! मोठमोठ्या कंपन्या गरिबांचे इन्सुलिन बंद करणार! कारल्याच्या रसाची अफवा त्यांनीच पसरवली! जागे व्हा, रोज सकाळी ठीक सातला सुई घ्या! डिलीट होण्याआधी पुढे पाठवा!’ उद्गारचिन्हे मोजून घातली, कारण त्यांच्याशिवाय विष्णुपंतांचा विश्वास बसत नाही.

तासाभरात ते दारात हजर. “बाई, लवकर द्या. बंद व्हणार हाय म्हणे!” त्यांनी फ्रिजचा एक खण बाटल्यांनी भरून टाकला. चार दिवसांनी माझाच मजकूर भूम तालुक्यातून माझ्याकडे परत आला, तेव्हा त्यात एक जर्मन डॉक्टर उगवला होता आणि सातच्या ऐवजी पहाटे पाच झाले होते. दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांनी पाचला कडी वाजवली. या खोटेपणाची लाज मला वाटते. तो माझ्याबरोबर जावा, कोणी वारसा म्हणून घेऊ नये.

कलम ४. हत्यारे व इतर वस्तू.

रक्तदाब मोजायचे यंत्र, वजनकाटा, लसीचा निळा डबा आणि माझी छत्री मिनाज आसिफ तांबोळी हिला द्यावी. मिनाज तुळजापुरातच आरोग्यसेविका आहे. ती जन्मली तेव्हा तिची आई शरिफाबी हिचे बाळंतपण मीच केले होते, आणि पोर पहिल्यांदा रडली ती माझ्या हातात. तिच्याबद्दल, विशेषतः तिच्या नावावरून, मोबाईलवर काही आले तर ते पुढे न पाठवता त्याच जागी पुसून टाकावे, असे माझे सर्व नातेवाइकांना सांगणे आहे.

आमच्या भागातले पुढारी आण्णासाहेब यांनी तेव्हा चौकात लावलेला माझ्या भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी उतरवून आणून जपून ठेवला आहे. त्या वेळी निवडणूक जवळ असल्याने त्यावर त्यांचाच फोटो माझ्यापेक्षा मोठा आहे. हल्ली त्याने स्कूटी झाकते. वेळ आली की तोच लावावा, फक्त तारखेवर कागद चिकटवावा. आण्णासाहेबांच्या फोटोवरही चिकटवला तर माझी हरकत नाही.

शेजारच्या कस्तुराबाईंनी त्या तीन दिवसांत माझी पितळेची परात ‘आता कोणाला लागणार’ म्हणून नेली ती अजून दिली नाही. ती त्यांनाच ठेवावी, पण त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

परदेशातल्या त्या इसमासाठी मी माझा एक फोटो ठेवत आहे. त्यात माझे डोळे उघडे आहेत. या खेपेस काही छापायचेच असेल तर हा छापावा, आणि नवरा तोच ठेवावा.

पोस्टातली ठेव गुरुप्रसादची.

कलम ५. घराबाबत.

वडिलांच्या घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग, म्हणजे ओसरी, मधली खोली व स्वयंपाकघर, माझ्या नावे आहे. याचे काय करावे यावर मी महिनाभर विचार केला, कारण माझी काळजी घराची नाही. मी सोलापूरहून परत आले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विष्णुपंत बाही वर करून उभे राहतील आणि समोर कोणी नसेल.

मिनाजला मी तीन महिने शिकवले. तिचा हात माझ्याइतकाच हलका आहे. पण विष्णुपंत म्हणतात, “परक्या बाईनं नेमलेल्या बाईकडनं मी सुई घेणार न्हाय. आमची शारदा सांगून गेली असती, तर गोष्ट वेगळी. तिचा शब्द मी कधी मोडला न्हाय.”

तेव्हा शारदा सांगून जात आहे. विष्णुपंतांनी रोज सकाळी मिनाजकडून इन्सुलिन घ्यावे, ही माझी शेवटची इच्छा आहे. आता ती शारदेची आहे की परक्या बाईची, हे त्यांनीच ठरवायचे. वकिलांचा सल्ला असा की ज्याला मालमत्ता मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे बोट दाखवायला जागा राहते. म्हणून मी दोन वाटा ठेवते.

पहिली वाट: विष्णुपंतांनी सही करू नये. मी परकी बाई असेन तर माझा कागद खोटा आणि घर आधीपासूनच त्यांचे. मी शारदा असेन तर ते या कलमाने त्यांचे. कसेही झाले तरी घर त्यांना मिळेल. मिनाज येणार नाही, कारण तिला बोलावणारी कोणी नसेल.

दुसरी वाट: विष्णुपंतांनी या कागदावर साक्षीदार म्हणून, म्हणजे वरची सही शारदेचीच आहे असे मानून, सही करावी. मग माझा वाटा मिनाजला जाईल, ती पुढच्या ओसरीत राहील आणि सकाळी सातला दार उघडेल. विष्णुपंतांना भिंतीपलीकडचा त्यांचा अर्धाच भाग उरेल.

दादा, मी तुम्हाला पुराव्याने हरवू शकले नाही. पुरावे देणे मी सोडले. मी मरायला भीत नाही, एकदा मरून पाहिले आहे. तुम्ही एकटे पडाल याची मला भीती वाटते. कागद टेबलावर आहे, पेन वकिलांच्या खिशात आहे. घाई नाही, पण गुरुवारच्या आत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वकिलांनी लिहिला, मला वाचून दाखवला आणि तो मला मान्य आहे. माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसाही देते, कारण सही कोणीही गिरवतो असे घरातच म्हटले जाते.

ठिकाण: तुळजापूर
दिनांक: १६ डिसेंबर २०२५

सही व डाव्या अंगठ्याचा ठसा
शारदा रघुनाथ कानेगावकर

साक्षीदार १: डॉ. भागवत शिनगारे (सही)

साक्षीदार २: विष्णुपंत रघुनाथ कानेगावकर (सही)

साक्षीदार क्रमांक दोन यांनी फक्त सही करावी असे सांगूनही त्यांनी दिनांक १७ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येऊन पुढील मजकूर स्वहस्ते लिहिला आहे. तो खोडायला मला धीर झाला नाही. — उमाशंकर वकील

‘वर सही करणारी बाई माझी धाकटी बहीण शारदा हीच आहे. मी तिला जन्मापासून ओळखतो. घर मला नको. सुई तिने सांगितलेल्या मिनाजकडून घेईन, पण शुक्रवारपासून शारदा परत येईपर्यंतच. लसीबाबत माझे मत कायम आहे.’